सभासदाची साखर

आमच्या घरात पत्र्याचा एक डबा आहे. आता त्यात बाची कागदपत्रं असतात. पण आज्जी सांगते, एके काळी दिवाळीच्या आधी चार दिवस ती तो डबा राखेनं घासून उन्हात पालथा घालायची. मग पाटलाच्या वाड्यावर पोत्यानं साखर उतरायची. सभासदाची साखर. कारखान्याचा शेअर ज्याच्या नावावर, त्याला सवलतीच्या दरात मिळते ती. पाटलीणबाई आज्जीच्या डब्यात दोन ओंजळी टाकायची. हात वर धरून टाकायची, डब्याला बोट लागू नये म्हणून. थोडी खाली सांडायची. आज्जी सांडलेली पण वेचून आणायची.

त्या साखरेचा ऊस माझ्या आज्ज्यानं तोडलेला असायचा.

मी लहानपणी त्याला विचारलं होतं, "आज्जा, मग आपण का न्हाई सभासद?" आज्जा बिडी विझवून म्हणाला, "शेअरला ऊस लागतोय बाळा. उसाला पानी लागतंय. पान्याला पाइप लागतीया. आन् पाइपीला पाटील लागतोय."

आज्ज्यानं कुठल्या कारखान्याला ऊस तोडला त्याचं नाव इथं लिहीत नाही. पुढं ज्या कारखान्याचं नाव येणार आहे तो हा नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

संपादक म्हणाले, कविता पुरे, इतिहासावर काहीतरी लिही. मी म्हटलं, इतिहास शिकलेल्यांनी लिहावा. मी दहावीला गणितात गेलो, परत बसलो नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत डॉफर आहे. रिंग फ्रेमवरच्या भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या. आमच्या आजूबाजूला सगळ्या फाउंड्र्या. आम्ही पांढरे होऊन बाहेर पडतो, ते काळे होऊन. रात्रपाळी सुटली की सगळे सांगली फाट्यावर चहाला उभे राहतात, तेव्हा कोण कुठल्या खात्यातला ते अंगावरच्या धुळीवरनं कळतं. पुस्तकं मी वाचतो ती उसनी आणून. तर इतिहास म्हटल्यावर माझ्यापुढं लढाया आल्या नाहीत, तो डबा आला. आणि डब्यापासून मागं मागं जात राहिलो तर एका माणसापाशी जाऊन पोचलो. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार.

शिरोलीच्या फाट्यावरून एक रस्ता हातकणंगले, जयसिंगपूर करत सांगलीला जातो. त्याच रस्त्यानं शिरोळ तालुक्यातलं निमशिरगाव लागतं. तिथं १५ सप्टेंबर १९०९ ला कुंभाराच्या घरात रत्नाप्पांचा जन्म. वाटेत एक फाटा माणगावचाही आहे. त्या माणगावात मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष, शाहू महाराज स्वतः आलेले. रत्नाप्पा तेव्हा दहा वर्षांचं पोर. एवढ्याशा मुलुखात, एका सायकलच्या टप्प्यात, हे सगळं घडत होतं. शाळेच्या पुस्तकात प्लासीची लढाई होती, माणगाव नव्हतं.

कुंभार म्हणजे बलुतेदार. आम्ही पण बलुतेदारच. सुगीला खळ्यावर दोघंही पदर पसरून उभे. मी आज्जीला म्हटलं, मग अण्णा आपल्यातलेच की. ती म्हणाली, "व्हय. पर कुंभाराचं मडकं पाटलाच्या माजघरात जायाचं. आमची सावली बी न्हाई जायाची." जातीच्या उतरंडीवर मी बरंच वाचलंय. उतरंड हा शब्दच मुळात मडक्यांचा. आज्जीनं एका वाक्यात सांगितलं ते मला त्या पुस्तकांतून एवढं स्वच्छ कळलं नव्हतं. तरी हेही खरं की कुंभाराचं पोर त्या काळात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात जाऊन शिकतं, ही गोष्ट सोपी नव्हती. शाहूंनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, वसतिगृहं काढली, फी माफ केल्या. त्या मशागतीत उगवलेलं हे पीक.

पुढं प्रजा परिषद. १९३९ साली जयसिंगपूरला परिषद भरली, माधवराव बागल पुढारी, रत्नाप्पा त्यांच्या बरोबरीचे. मागणी काय, तर शेतसारा कमी करा आणि कारभार लोकांच्या हातात द्या. इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. संस्थानातला लढा हा इंग्रजांशी जेवढा तेवढाच दरबाराशी. ज्या गादीवर एके काळी शाहू बसले होते त्याच गादीच्या कारभाराविरुद्ध ही माणसं उठली. तुरुंगात गेली. बेचाळीसच्या चळवळीत रत्नाप्पा भूमिगत झाले आणि काही वर्षं सरकारला सापडले नाहीत. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. प्रजा परिषदेचं काम संपलं.

बागलांबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात जोतीराव फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसला, तो बागलांच्या पुढाकारानं. बाबासाहेब हयात असताना. देशात असं फार ठिकाणी झालं नाही. १४ एप्रिलला आम्ही शिरोलीहून ट्रॅक्टरनं त्या चौकात जातो. ज्या माणसानं पुतळा बसवला त्याचं नाव मिरवणुकीतल्या दहा पोरांना विचारलं, दोघांना ठाऊक होतं.

रत्नाप्पा मात्र दिल्लीला गेले. घटना समितीचे सभासद म्हणून. हा 'सभासद' शब्द ध्यानात ठेवा.

घटना समितीपुढं १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं एक निवेदन तयार केलं. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' नावानं ते छापलं गेलं. त्यात त्यांनी काय मागितलं होतं ते आपल्यातल्या पुष्कळांनी वाचलेलं नाही. मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत. विमा सरकारचा असावा. आणि शेती हा सरकारी उद्योग असावा. जमीन सरकारनं ताब्यात घ्यावी, मालकांना मोबदला द्यावा, मग ती गावातल्या लोकांना जातपात न बघता सामुदायिक शेतीसाठी कसायला द्यावी. पाणी, अवजारं, बी, खत, भांडवल सरकारनं पुरवावं. म्हणजे गावात जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूर पण राहणार नाही. आणि हे सगळं घटनेतच लिहा असं त्यांचं म्हणणं. का? तर घटनेच्या बाहेर ठेवलं तर उद्या निवडून येणारं बहुमत ते पुसून टाकेल. गावातलं बहुमत कुणाचं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

हे मान्य झालं नाही. मालमत्तेचा हक्क घटनेत बसला, जमीन जिथं होती तिथंच राहिली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्याच सभागृहाला बजावलं की राजकारणात एक माणूस एक मत मिळेल, पण समाजात आणि अर्थकारणात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती फार काळ चालवली तर ज्यांना ती सोसावी लागते तेच हा डोलारा उधळून लावतील. २४ जानेवारी १९५० ला सभासदांनी घटनेवर सह्या केल्या. आमच्या निमशिरगावच्या रत्नाप्पांची सही तिथं आहे.

आता साखर.

पंचगंगेच्या, वारणेच्या, दूधगंगेच्या काठाला ऊस पूर्वीपासून होता. पण त्याचा गूळ व्हायचा. शेतात गुऱ्हाळ, काहील, आणि मग ढेपा गाडीत घालून कोल्हापूरच्या गूळ बाजारात. तिथं अडत्या. भाव अडत्याचा, कर्जही अडत्याचं. साखर कारखाना संस्थानकाळापासून कसबा बावड्यात होता, पण तो खाजगी. नगर जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनं शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. तो चालतो म्हटल्यावर पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक पुढाऱ्याला तो पाहिजे झाला. अण्णांनी १९५० च्या दशकाच्या मध्याला पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा केला. इचलकरंजीजवळ, गंगानगरला. आणि चेअरमन झाले.

कारखाना काढायला इंजिनिअर लागतो, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. कारखान्याला लायसन लागायचं, ते दिल्लीतनं. १९५१ च्या उद्योग कायद्यानं तसं ठरवलेलं. दीर्घ मुदतीचं कर्ज लागायचं, ते दिल्लीच्या इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनकडनं, आणि त्याला हमी मुंबईच्या सरकारची. भागभांडवलातही सरकारचा मोठा वाटा. शेतकऱ्यानं शेअरचे थोडे पैसे भरायचे, तेही बऱ्याचदा उसाच्या बिलातनं कापून. नदीवरनं पाणी उचलायचं तर परवाना पाटबंधारे खात्याचा. लेव्ही साखरेचा दर सरकार ठरवणार. मग ह्या खुर्चीवर कोण बसणार? ज्याला मंत्रालयातला आणि दिल्लीतला प्रत्येक जिना माहीत आहे तो. घटना समितीत बसलेला माणूस ह्या कामाला दुसऱ्या कुणापेक्षाही लायक होता. पुढाऱ्याचा कारखानदार झाला तो लोभानं झाला असं मी म्हणत नाही. यंत्रणाच अशी होती की पुढाऱ्याशिवाय चिमणीतनं धूर निघाला नसता.

आणि अण्णांनी काम केलं, हे नाकारणारा मी कोण? कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला अडत्याच्या दारातनं उठवलं. माळावर वस्ती उठली. कोल्हापुरातल्या कॉमर्स कॉलेजाला आज त्यांचं नाव आहे, तिथं आपली पोरं पण शिकली. कुंभाराचा पोरगा मराठा, जैन, लिंगायत जमीनदारांच्या कारखान्याचा चेअरमन, तोही चार दशकं, ही गोष्ट महाराष्ट्रात दुसरीकडं शोधून बघा. सहकारातली बाकीची घराणी कुठल्या जातीची आहेत ते मी सांगायला नको.

पण कारखाना कुणाचा?

सरकारचं भांडवल म्हणजे कुणाचे पैसे? काडेपेटी घेतली तरी कर भरावा लागतो. आज्जा बिडी ओढायचा त्यावर कर होता. त्या पैशातनं सरकारनं कारखान्यांचे शेअर घेतले. मालक मात्र उत्पादक सभासद. उत्पादक म्हणजे ज्याच्या शेतात ऊस आहे तो. तोडणारा नव्हे, वाहणारा नव्हे, गव्हाणीत मोळी टाकणारा नव्हे, बॉयलरपुढं भाजणारा नव्हे. उत्पादन कोण करतो ह्या प्रश्नाचं उत्तर सहकारी कायद्याच्या पोटनियमात असं लिहिलेलं आहे. माझ्या गिरणीत कापूस पिकवणारा सूत काढत नाही, सूत मी काढतो, हे कळायला मला पोटनियम लागले नाहीत.

कुणी म्हणेल, एक सभासद एक मत, ही केवढी लोकशाही! आहे ना. शंभर एकरवाल्याला एक मत, दोन एकरवाल्याला एक मत. बाबासाहेब ज्या विसंगतीबद्दल बोलले ती इथं कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहते. फाटकाच्या आत एक माणूस एक मत. फाटकाच्या बाहेर आज्जा.

आमच्याकडं जमीन नव्हती असंही नाही. शाहूंनी १९१८ मध्ये संस्थानात महार वतन मोडलं आणि ती जमीन माणसामाणसाच्या नावावर रयतावा करून दिली. बाकीच्या मुंबई राज्यात हे व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. तर आमच्या भावकीला एक तुकडा होता. वाटण्या होत होत आज्ज्याच्या वाट्याला अठरा गुंठे आले. माळाला. त्याच्या खालच्या अंगाला पाटलाचा ऊस डोलतो. नदीवरनं पाणी उचलणारी पाणीपुरवठा संस्था झाली तेव्हा पाइप पाटलाच्या बांधापर्यंत आली आणि तिथंच थांबली. पुढं चढ आहे म्हणाले. पाणी चढत नाही. त्याच चढावर पुढं एका संचालकाच्या पाहुण्याचा ऊस झाला, तिथं चढलं. आज्जा भुईमूग पेरायचा, आला तर यायचा. दसरा झाला की मुकादमाकडनं उचल घ्यायचा आणि आज्जीला घेऊन टोळीत जायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, टनावर मजुरी, वाडं विकून मीठमिरची. सतरा हंगाम. हंगाम संपल्यावर उचल फिटलेली नसायची, ती पुढच्या हंगामाला जायची.

इकडं चेअरमनच्या खुर्चीचं काय झालं ते बघा. सभासदांची यादी म्हणजे मतदारांची यादी. उसाचं बिल, खत, बियाणं, पोराची कारखान्यात नोकरी, कॉलेजात प्रवेश, सगळं एका टेबलावरनं. सत्तेतनं कारखाना झाला, कारखान्यातनं सत्ता झाली. अण्णा शिरोळमधनं आमदार होत राहिले, १९७० च्या दशकात राज्यमंत्री झाले, १९८५ ला पद्मश्री मिळाली. आणि चेअरमन तर होतेच. मंत्रिपद येतं जातं. ही खुर्ची जात नाही.

आमच्या खात्यात एक वयस्क सायडर आहेत. त्यांचा जन्म लाल बावट्यात गेला. त्यांना मी बाबासाहेबांचं ते १९४७ चं निवेदन वाचून दाखवलं. ते खूश झाले. म्हणाले, "हेच रशियात केलं होतं. शेअरबिअर काही नाही, सगळं सरकारचं." मी म्हटलं, काका, मग तिथं कामगाराच्या हातात शेवटी काय राहिलं? ते गप्प बसले. म्हणून मी रशियाचं पण वाचलं. त्यातला एक माणूस मला अण्णांशेजारी ठेवून बघावासा वाटतो. उलटा आरसा म्हणून.

अनातोली चुबाइस. जन्म १९५५, लेनिनग्राडचा अर्थशास्त्री. सोव्हिएत युनियन मोडता मोडता, १९९१ च्या नोव्हेंबरात, तो सरकारी मालमत्ता खात्याचा प्रमुख झाला. कारखाने, खाणी, गिरण्या, सगळं सरकारचं, म्हणजे कागदावर सगळ्यांचं. ते वाटायचं कसं? १९९२ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नागरिकाला, तान्ह्या पोरालासुद्धा, एक कागद दिला. व्हाउचर. त्यावर किंमत दहा हजार रूबल. चुबाइस म्हणाला होता, पुढं ह्या एका कागदाची किंमत दोन व्होल्गा मोटारींएवढी होईल. महागाई अशी उसळली की लोकांनी ते कागद वोडकाच्या बाटल्यांवर दिले. कारखान्याचे मॅनेजर आणि दलाल यांनी ते गोळा केले. १९९५ ला तर सरकारनं कर्जाच्या बदल्यात निकेलच्या, तेलाच्या सगळ्यांत मोठ्या कंपन्यांचे शेअर मोजक्या बँकवाल्यांकडं ठेवले आणि ते त्यांचेच झाले. चुबाइस १९९७ ला पहिला उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री. १९९८ ला सरकारातनं बाहेर पडला आणि त्याच वर्षी देशाच्या वीज कंपनीचा प्रमुख झाला. अख्ख्या रशियाची वीज. २००५ ला त्याच्या गाडीवर हल्ला झाला, वाचला. २००८ ला ती वीज कंपनी त्यानं तुकडे करून संपवली, आणि लगेच दुसऱ्या सरकारी कंपनीचा, रोसनानोचा, प्रमुख झाला. तिथं २०२० पर्यंत. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर, पद सोडून देश सोडून गेला.

वीज कंपनीचे तुकडे म्हटल्यावर फाउंड्रीतल्या दोस्तांना आपलं वीज मंडळ आठवेल. ते जून २००५ मध्ये तोडलं. भट्टीचं बिल आलं की शेडचा मालक तोंड वाकडं करतो, आणि ओव्हरटाइम कापला जातो आमचा. असो.

अण्णा आणि चुबाइस एका तागडीत बसणारी माणसं नव्हेत, मला ठाऊक आहे. एकानं आयुष्य माळावर कारखाना उभा करण्यात घातलं, दुसऱ्यानं उभे कारखाने वाटले. एकाला लोक देशभक्त म्हणतात, दुसऱ्याचं नाव तिकडं शिवीसारखं घेतात असं वाचलं. पण दोघांच्या गोष्टीत कामगार शोधा. तिथं त्याच्या हातात कागद होता आणि तो कागद कशाचा हे कळायची ताकद नव्हती, तो टिकवायला पोटात भाकरी नव्हती. इथं कागदच आला नाही. सायडर काकांना मी एवढंच म्हटलं की बाबासाहेबांनी नुसती सरकारी मालकी मागितली नव्हती, ती घटनेत बांधलेली मागितली होती आणि शेजारी संसदीय लोकशाही पण ठेवली होती. म्हणजे मालकी हलवायची तर एका खात्याच्या प्रमुखाच्या सहीनं हलणार नाही. काका म्हणाले, "घटनादुरुस्ती होते की रे." ते पण खरं आहे. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

सरकारी मालकीचे नमुने आपल्याकडं कमी आहेत का? शाहूंनी १९०६ मध्ये कोल्हापुरात काढलेली शाहू मिल पुढं राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं आली आणि २००३ ला बंद पडली. महामंडळं म्हणजे ज्याला तिकीट नाही मिळालं त्याची सोय, हे आता शेंबडं पोर पण सांगतं. आमच्या नावावर पण महामंडळं निघाली. १९७८ ला महात्मा फुल्यांच्या नावाचं. १९८५ ला मातंग समाजासाठी अण्णा भाऊ साठ्यांच्या नावाचं. साठे महामंडळात शेकडो कोटींच्या अपहाराचे आरोप झाले, आणि अध्यक्ष राहिलेल्या माणसाला २०१५ ला अटक झाली तेव्हा तो आमदार होता. ज्या अण्णा भाऊंना गिरणगावात आणि चाळीत दिवस काढावे लागले, त्यांच्या नावाचं कर्ज मागायला गेलेल्या पोराला ऑफिसात काय सांगत असतील ते मी कवितेत लिहिलंय, इथं परत लिहीत नाही.

२३ डिसेंबर १९९८ ला अण्णा वारले. कारखान्याला त्यांचं नाव दिलं गेलं. पुढं तो श्री रेणुका शुगर्स ह्या खाजगी कंपनीकडं भाड्यानं चालवायला गेला. हे एकट्या पंचगंगेचं नाही. महाराष्ट्रातले किती सहकारी कारखाने कर्जात बुडाले, भाड्यानं गेले, विकले गेले. विकत घेणाऱ्यांत त्याच पुढाऱ्यांचे पोरं-पाहुणे असल्याच्या तक्रारी झाल्या. ज्या राज्य सहकारी बँकेनं त्यांना कर्जं दिली तिचं संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त झालं. सरकारनं दिलेली हमी, म्हणजे परत तुमचे आमचे पैसे, काडेपेटीवरचे. रशियात जे दोन-चार वर्षांत धाडकन झालं ते आमच्याकडं हळूहळू, सर्वसाधारण सभेत टाळ्या घेऊन झालं.

सभासद मात्र सभासद राहिला. त्याची दिवाळीची साखर थांबली तर मोर्चा निघतो, आणि निघायलाही पाहिजे, त्यानं पैसे भरलेत. संचालक मंडळात मागासवर्गीयांची एक जागा राखीव असते. मी एका निवडणुकीत त्या जागेच्या उमेदवाराच्या सभेला गेलो होतो. आपल्यातलाच माणूस, शहाणा, स्वच्छ. भाषणात ऊसदर, एफआरपी, काटामारी, सगळं बोलला. तोडणीवाल्यांवर एक शब्द नाही. मी खाली उतरल्यावर विचारलं. तो म्हणाला, "दादा, इथं त्यांचं एक पण मत नाही." खोटं बोलला नाही.

ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेला पूर आला. शिरोलीत हायवेवर पाणी, आठवडाभर गाड्या बंद. एमआयडीसी बंद, हजेरी बंद. सगळ्या नदीकाठचा ऊस पाण्याखाली उभा होता, पाटलाचा पण. त्यांना गुंठ्याच्या हिशेबानं नुकसानभरपाई आली. आमचे अठरा गुंठे माळाला, चढावर. एक थेंब आला नाही. आज्जी हसली त्या दिवशी. म्हणाली, "बघ, तवा बी पानी चढलं न्हाई."

आज्जा आता नाही. डब्यात काय काय आहे ते मी परवा हा लेख लिहायला म्हणून उघडून बघितलं. सातबारा आहे, त्यावर नऊ नावं. आज्ज्याचा फोटो. मुकादमाच्या वहीचं फाटलेलं पान, त्यावर निळा अंगठा आणि शेजारी उचलीचा आकडा. बानं पाणी संस्थेला दिलेल्या अर्जाच्या तीन पोचपावत्या, तिन्ही वेगवेगळ्या वर्षांच्या, तिन्हींवर एकच शेरा, 'विचाराधीन'.

सोमवारी माझी साप्ताहिक सुट्टी आहे. बा म्हणाला, चौथा अर्ज देऊ, पण ह्या वेळी तू चल संगट. तुला वाचाय येतंय, तेनी काय लिवलंय ते तिथंच वाच.